मोठ्या अक्षराचा मान

आजच्या भाषणाचा विषय थोडा अडचणीचा आहे, कारण तो कानाला ऐकू येत नाही. मी इंग्रजीतला 'रोझ' हा शब्द उच्चारला, तर मी गुलाबाच्या फुलाविषयी बोलत आहे की रोझ नावाच्या एखाद्या बाईविषयी, हे ध्वनिक्षेपकाला समजत नाही आणि श्रोत्यांनाही समजण्याचा मार्ग नाही. कागदावर मात्र इंग्रजी वाचकाला ते पहिल्या अक्षरावरूनच उमजते. फूल असेल तर अक्षर लहान. बाई असेल तर मोठे. डोळ्यांसाठी केलेली ही खूण आहे, आणि तिचा इतिहास वाटतो त्याहून पुष्कळ लांबचा व पुष्कळ वेडावाकडा आहे.

आपल्याकडे मराठी शाळेत इंग्रजीला आरंभ झाला की मुलाला प्रथम चार लिप्या गिरवाव्या लागत: छापील मोठी, छापील लहान, हाताची मोठी आणि हाताची लहान. देवनागरीच्या एकाच वळणाला सरावलेल्या मुलाला हा प्रकार म्हणजे विनाकारण केलेला छळच वाटे. त्यानंतर नियम येई की, वाक्याचे पहिले अक्षर मोठे आणि विशेषनामाचे पहिले अक्षर मोठे. नियम अर्ध्या तासात पाठ होतो; शंका मात्र पुढे आयुष्यभर पुरतात. सोमवार-मंगळवार मोठ्या अक्षराने लिहायचे, मग उन्हाळा-पावसाळा लहान अक्षराने का? नदीचे नाव मोठ्या अक्षराने, हे समजले. पण त्यापुढचा 'नदी' हा शब्द कधी मोठ्या आणि कधी लहान अक्षराने येतो, तो कोणत्या न्यायाने? वाऱ्यावर सोडलेल्या या शंकांना व्याकरणात उत्तर सापडत नाही, याचे कारण असे की नियम मुळी व्याकरणातून आलेलाच नाही. फ्रेंच माणूस वारांची आणि महिन्यांची नावे लहान अक्षराने लिहितो. जर्मन माणूस टेबलाला आणि खुर्चीलाही मोठे अक्षर देतो. नामाच्या अंगी असलेल्या एखाद्या गुणावरून मोठे अक्षर ठरत असते, तर शेजारीपाजारी राहणाऱ्या या तीन राष्ट्रांत एवढे मतभेद होण्याचे कारण नव्हते.

प्राचीन रोममध्ये मोठे आणि लहान हा भेदच नव्हता. इसवी सन ११३ मध्ये उभारलेल्या ट्राजन सम्राटाच्या स्तंभाच्या पायथ्याशी जो शिलालेख आहे, तो अथपासून इतिपर्यंत आज ज्यांना आपण मोठी अक्षरे म्हणतो त्यांतच कोरलेला आहे. सम्राटाचे नाव आणि साधे क्रियापद, दोघांचा दर्जा सारखाच. लहान अक्षरे लेखणीतून जन्मली. आठव्या शतकाच्या अखेरीस शार्लमेन राजाच्या आश्रयाखाली मठामठांतून एक सुवाच्य, गोलसर, लहान वळण रूढ झाले. इंग्लंडातील यॉर्क नगरीचा पंडित ॲल्क्विन हा शार्लमेनचा सल्लागार होता, आणि ७९६ पासून ८०४ मध्ये त्याला मृत्यू येईपर्यंत तो तूर येथील मठाचा प्रमुख होता. त्या मठातील लेखनिकांनी हे वळण फार शुद्ध स्वरूपात जोपासले. मजकूर या लहान अक्षरांत आणि मथळे मात्र जुन्या रोमन वळणात, अशी वाटणी होत गेली. पंधराव्या शतकातील इटालियन पंडितांनी हीच जोडी पुन्हा उचलली, आणि मुद्रणकला नुकतीच जन्माला आलेली असल्यामुळे ती शिशाच्या खिळ्यांत कायमची ओतली गेली. एका भाषेला दोन वर्णमाला मिळाल्या त्या अशा. दोन आहेत म्हटल्यावर त्यांचा उपयोग काय करायचा, हा प्रश्न मागाहून आला.

विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडातला पहिला छापखाना घातला. जुळाऱ्यापुढे खिळ्यांच्या दोन पेट्या असत. वरच्या पेटीत मोठी अक्षरे, खालच्या पेटीत लहान. इंग्रजीत मोठ्या अक्षरांना 'अप्पर केस' आणि लहानांना 'लोअर केस' म्हणतात ते या पेट्यांच्या जागांवरून. (देवनागरीच्या जुळाऱ्याला जोडाक्षरांपायी कितीतरी अधिक खण सांभाळावे लागत, पण त्याच्या खणांत मान-अपमानाचा प्रश्न नव्हता.) 'वरचा' आणि 'खालचा' हे शब्द ध्यानात ठेवावेत, पुढे त्यांना निराळाच अर्थ येणार आहे.

कोणत्या शब्दासाठी हात वरच्या पेटीकडे न्यावा, याविषयी आरंभी मुळीच एकवाक्यता नव्हती. १५६९ मध्ये जॉन हार्ट नावाच्या शुद्धलेखनसुधारकाने सल्ला दिला की वाक्याच्या आरंभी, विशेषनामाला आणि महत्त्वाच्या सामान्यनामाला मोठे अक्षर द्यावे. यातला शेवटचा भाग मोठा घातक होता. महत्त्वाचे कोणते, हे कोणी ठरवावे? लेखकाने, की जुळाऱ्याने? सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात जोसेफ मॉक्सन याने मुद्रणव्यवसायावर इंग्रजीतले पहिले तपशीलवार पुस्तक लिहिले; त्याचा मुद्रणविषयक खंड १६८३ पासून भागाभागांनी निघाला. मॉक्सन हा स्वतः खिळे पाडणारा, पृथ्वीचे गोल तयार करणारा कारागीर होता. त्याच्या मते मोठे अक्षर जेथे बसते तेथे प्रतिष्ठा दर्शविते. प्रतिष्ठा हा काही व्याकरणातला शब्द नाही, तो दरबारातला शब्द आहे. मोठ्या अक्षराकडे त्या काळचे लोक कोणत्या दृष्टीने पाहत होते, हे त्या एका शब्दावरून जेवढे कळते, तेवढे दहा व्याकरणे चाळूनही कळणार नाही.

या ओघात एका लोकप्रिय समजुतीचा निकाल लावून टाकतो. इंग्रजीत 'मी' या अर्थाचा 'आय' नेहमी मोठा लिहितात, आणि त्यावरून इंग्रज माणसाच्या अहंकाराविषयी आपल्याकडे पुष्कळ विनोद झाले आहेत. वस्तुतः हे अक्षर मोठे झाले ते भीतीपोटी. जुन्या इंग्रजीत हा शब्द याहून लांब होता. झिजत झिजत एकच स्वर उरला, आणि हस्तलिखितात ती एकुलती एक बारीक रेघ शेजारच्या शब्दांत हरवू लागली. तेव्हा लेखनिकांनी ती उंच काढली. इंग्रज गर्विष्ठ असेल. पण त्याचा पुरावा अन्यत्र शोधावा लागेल.

प्रतिष्ठा वाटण्याचा अधिकार जुळाऱ्याच्या हाती आल्यावर व्हायचे तेच झाले. पदव्या, संबोधने, सद्‌गुण, दुर्गुण, शास्त्रे, कला असे करता करता अठराव्या शतकाच्या आरंभी कित्येक इंग्रजी पुस्तकांत बहुतेक प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने छापले जाऊ लागले. १७२६ मध्ये निघालेल्या जोनाथन स्विफ्टच्या गलिव्हरच्या सफरींच्या पहिल्या आवृत्तीचे कोणतेही पान उघडावे. बेट, जहाज, दोर, राजा, गाय, सगळ्यांच्या माथ्यावर पगडी आहे. जर्मन भाषेने हीच रीत नियम म्हणून कायम केली आणि ती आजतागायत पाळली. डॅनिश भाषेनेही ती दीर्घकाळ पाळली; पण जर्मन सैन्याच्या ताब्यातून सुटल्यानंतर तीनच वर्षांनी, १९४८ मध्ये, डेन्मार्कने ती टाकून दिली.

इंग्रजीत हा पूर ओसरत असतानाच अमेरिकेत दोन असे दस्तऐवज लिहिले गेले, ज्यांच्या प्रत्येक अक्षराकडे पुढच्या पिढ्या सोवळ्याने पाहणार होत्या. पहिला १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा. त्याचा मसुदा करणारे थॉमस जेफर्सन हे मोठ्या अक्षरांचे इतके वैरी की, हाताने लिहिताना वाक्याचा आरंभही ते बहुधा लहान अक्षराने करीत. मुद्रकाने आणि लेखनिकाने त्यांच्या मसुद्यावर आपापल्या परीने संस्कार केले. जी सुवाच्य चर्मपत्र-प्रत सदस्यांच्या सह्यांसाठी तयार झाली, तिच्या मथळ्यात 'तेरा संयुक्त राज्ये' हे शब्द आले आहेत. आणि त्यातला 'संयुक्त', म्हणजे इंग्रजी 'युनायटेड', लहान अक्षराने लिहिलेला आहे. 'राज्ये' हा शब्द मोठ्या अक्षराने, 'संयुक्त' लहान. एकत्र आलेली तेरा राज्ये, एवढाच त्याचा अर्थ. 'संयुक्त' हे साधे विशेषण आहे. राष्ट्राचे नाव अजून पक्के व्हायचे आहे. त्या वर्षीच्या ९ सप्टेंबरला काँग्रेसने ठराव केला की यापुढे 'संयुक्त वसाहती' ऐवजी 'संयुक्त संस्थाने' असे म्हणावे, आणि १७७७ मध्ये संमत झालेल्या संघराज्याच्या कराराने पहिल्याच कलमात ते नाव अधिकृत केले. एक विशेषण विशेषनाम कसे झाले, हे इतक्या जवळून पाहायला क्वचितच मिळते. अर्थात यातून फार मोठा सिद्धांत काढण्याची घाई करू नये. कारण त्याच जाहीरनाम्याच्या छापील पत्रकात हे शब्द सगळेच्या सगळे मोठ्या अक्षरांत आहेत. मुद्रक निराळा, लेखनिक निराळा.

दुसरा दस्तऐवज १७८७ ची राज्यघटना. फिलाडेल्फिया येथील परिषदेने १५ सप्टेंबरला, शनिवारी, मजकूर कायम करून सुवाच्य प्रत तयार करण्याची आज्ञा दिली आणि सोमवारी १७ तारखेला तिच्यावर सह्या झाल्या. मधल्या वेळात चार मोठ्या चर्मपत्रांवर सारी घटना उतरवून काढण्याचे काम पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळातील जेकब शॅलस नावाच्या एका कारकुनाने केले. त्याला तीस डॉलर मिळाले. मी स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे या शॅलसविषयी मला विशेष आपुलकी वाटते. शनिवारी सायंकाळी आलेले तातडीचे काम आणि सोमवारची मुदत हा प्रकार कोणत्याही देशातल्या कारकुनाला ओळखीचा आहे.

आता शॅलसने लिहिलेली घटनेची उद्देशिका पाहा. लोक, संघ, न्याय, शांतता, कल्याण, स्वातंत्र्य, भावी पिढ्या, हे सर्व शब्द मोठ्या अक्षरांनी सुरू होतात. त्यांच्याच रांगेत 'सामाईक संरक्षण' आहे. आणि त्यातला 'संरक्षण' मात्र लहान अक्षराने. अमेरिकेच्या घटनाकारांना न्याय मोठा वाटत होता आणि संरक्षण लहान वाटत होते काय? मला तर तसे मुळीच वाटत नाही. रविवारच्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात लिहिणाऱ्याचा हात एका शब्दाशी लहान पडला, याहून अधिक त्यात काही नसावे. तथापि पवित्र मानलेल्या ग्रंथाची गोष्टच निराळी असते. अमेरिकेत या घटनेतील आणि तिच्या दुरुस्त्यांतील मोठ्या-लहान अक्षरांवरून आणि स्वल्पविरामांवरून मोठमोठे कायदेपंडित आजही अर्थ काढतात. त्या दस्तऐवजावर शॅलसचे नाव नाही. ते पुष्कळ काळानंतर संशोधकांनी शोधून काढले. आपल्या भारतीय घटनेची मूळ इंग्रजी प्रत प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिली. त्यांनी मोबदला घेतला नाही, प्रत्येक पानावर आपले नाव घालण्याची परवानगी तेवढी मागितली, असे सांगतात. शॅलसने तीस डॉलर घेतले, रायजाद्यांनी नाव घेतले.

इंग्लंडात आणि अमेरिकेत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठी अक्षरे झपाट्याने कमी झाली. जुन्या पिढीला हे रुचले नाही. १७८९ च्या डिसेंबरात, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, बेंजामिन फ्रँकलिन यांनी कोशकार नोआ वेब्स्टर यांना एक लांब पत्र लिहिले. फ्रँकलिन मूळचे मुद्रक. नामांना मोठे अक्षर देण्याची सुरेख रीत नव्या मुद्रकांनी केवळ ओळी एकसारख्या दिसाव्यात या हौसेपायी सोडली, आणि त्यामुळे वाचकाचे काम अवघड झाले, अशी त्यांची तक्रार आहे. माणसाच्या चेहऱ्यावरचे नाक कापून टाकले तर चेहरा सपाट होईल, पण ओळखता येणार नाही, अशा धर्तीचा तो युक्तिवाद आहे. सहा वर्षांनी, १७९५ मध्ये, लिंडली मरे यांचे इंग्रजी व्याकरण यॉर्क येथे प्रसिद्ध झाले आणि त्याने पुढची दोन पिढ्या शाळांवर राज्य केले. मरे यांनी पूर्वीच्या रीतीचा उल्लेख करून म्हटले की ती त्रासदायक होती आणि तिच्यामुळे पान गर्दीचे व गोंधळाचे दिसे, म्हणून ती सोडली गेली, आणि ते बरेच झाले. मग त्यांनी यादी दिली: कोठे कोठे मोठे अक्षर राखावे. आज जगभर शाळेत शिकवितात तो नियम बहुतांशी या यादीतूनच आलेला आहे. पुरानंतर जे काठावर उरले त्याला मरे यांनी कुंपण घातले, आणि आपण त्या कुंपणाला निसर्गाची सीमा समजतो.

विशेषनाम ही कल्पना मात्र मोठ्या अक्षरापेक्षा कितीतरी जुनी आहे. ग्रीसमधील स्टोइक तत्त्वज्ञांनी एका व्यक्तीचे नाव आणि अनेकांना लागू पडणारे नाव यांत ख्रिस्तापूर्वी तिसऱ्या शतकात भेद केला. रोमन वैयाकरणांनी त्याला 'प्रोप्रियुम' म्हटले, म्हणजे ज्याचे त्याचे, स्वतःचे. इंग्रजीत त्याचेच 'प्रॉपर' झाले. 'प्रॉपर' म्हणजे योग्य, सभ्य असा अर्थ मनात धरून पुष्कळ विद्यार्थी गोंधळतात. येथे त्याचा अर्थ केवळ 'स्वतःचे' एवढाच आहे. आपल्याकडे पाणिनीने 'संज्ञायाम्' ही अट घालून कित्येक सूत्रे रचली आहेत. शब्द नाव म्हणून वापरला असेल तरच ते कार्य व्हावे, असा त्याचा अर्थ. याचे उदाहरण प्रत्येक मराठी घरात ठाऊक आहे. सुपासारखी नखे असलेली कोणीही स्त्री असेल, तर तिचे वर्णन 'शूर्पनखी' असे करता येईल, त्यात दंत्य 'न' राहील. पण रावणाच्या बहिणीचे ते नाव झाले की 'शूर्पणखा', मूर्धन्य 'ण'सह. इंग्रजी जे काम अक्षराच्या उंचीने करते, ते संस्कृत उच्चाराने करून दाखविते. आणि श्रोतेहो, ते रेडिओवरूनही ऐकू येते.

मराठीकडे असे काही नाही, अशी आपली समजूत असते. परंतु आपण बोलतो कसे ते पाहावे. 'त्याने आनंदाने काम केले' आणि 'आनंदने काम केले' या दोन वाक्यांत कोणाही मराठी माणसाचा घोटाळा होत नाही. पहिला आनंद मनातला, दुसरा शेजारच्या घरातला. 'आशेला जागा उरली नाही' असे आपण म्हणतो, पण मुलीला बोलावताना 'आशाला हाक मार' असे म्हणतो. प्रकाशात वाचतो, प्रकाशला विचारतो; मायेने जवळ घेतो, मायाने निरोप दिला असे सांगतो. सामान्यनामाचे सामान्यरूप होते. व्यक्तीचे नाव मात्र आपण अलीकडच्या बोलण्यात न मोडता, जसेच्या तसे ठेवून प्रत्यय लावतो. जुन्या मराठीत ही काटेकोरी नव्हती आणि देवादिकांच्या बाबतीत ती आजही नाही: रामाने आणि सीतेने हीच रूपे आपल्या तोंडात आहेत. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग यांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण प्रसिद्ध झाले, तेव्हापासून शालेय व्याकरणे इंग्रजी साच्यावर विशेषनामाची व्याख्या सांगत आली. भाषेने स्वतःच घडविलेली ही खूण मात्र शिकवावी लागली नाही. इंदूरच्या, बडोद्याच्या किंवा बेळगावच्या मराठी घरात मूल ती चालायला लागण्याबरोबर उचलते. नाव मोडू नये, ते ज्याचे त्याला अखंड द्यावे, ही तिच्यामागची भावना मला मोठी हृद्य वाटते.

नाव अखंड राहावे म्हणून माणसे भांडतात, आणि अक्षर मोठे राहावे म्हणूनही भांडतात. व्यापारी कंपन्यांना याची धास्ती अधिक. वस्तूचे नाव लोकांच्या तोंडी इतके रुळले की ते सामान्यनाम बनले, म्हणजे त्यावरचा मालकी हक्क जातो. सरकत्या जिन्याला इंग्रजीत 'एस्कलेटर' म्हणतात. ते ओटिस कंपनीचे नोंदलेले नाव होते. १९५० मध्ये अमेरिकेत त्यावरचा हक्क गेला आणि शब्द लहान अक्षराचा झाला. आयर्लंडात १८८० मध्ये कॅप्टन बॉयकॉट या जमीनदारांच्या कारभाऱ्याशी कुळांनी सर्व व्यवहार तोडले, आणि त्याचे आडनाव लहान अक्षराचे क्रियापद होऊन जगभर पसरले. त्याला विचारले कोणीच नाही. आपल्याकडे कोणत्याही वनस्पती तुपाला लोक 'डालडा' म्हणत, तो प्रकारही यातलाच.

पण ज्यांना मोठे अक्षर कधी मिळालेच नव्हते, त्यांचे काय? अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना एकोणिसाव्या शतकात 'नीग्रो' म्हणत. हा शब्द आज त्यांनीच टाकून दिला आहे. पण त्या काळी त्यातल्या त्यात सभ्य तोच होता, आणि तो छापला जाई लहान 'एन्'ने. इंडियन, चिनी, आयरिश, ज्यू, सर्वांना मोठे अक्षर. यांनाच तेवढे लहान. विचारले तर उत्तर तयार असे, आणि ते व्याकरणाचे असे. नीग्रो म्हणजे स्पॅनिश भाषेत काळा; तो रंग आहे, वंशाचे वा देशाचे नाव नव्हे; रंगाला मोठे अक्षर कसे द्यावे? युक्तिवाद बिनतोड दिसतो. फक्त ज्यांना आपला देश, आपली भाषा आणि आपल्या पूर्वजांची नावे हिरावून घेऊन गुलाम म्हणून आणले, त्यांना देशावरून नाव मिळणार कोठून, याचा त्यात विचार नव्हता. १८७८ मध्ये शिकागोत फर्डिनंड बार्नेट यांनी आपल्या वृत्तपत्रातून मोठ्या अक्षराची मागणी केली. १८९९ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांचा फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीयांविषयीचा समाजशास्त्रीय ग्रंथ प्रसिद्ध झाला. घरोघर हिंडून, हजारो माणसांच्या मुलाखती घेऊन सिद्ध केलेला हा ग्रंथ. त्यात एका तळटीपेत त्यांनी एवढेच म्हटले की आपण हा शब्द मोठ्या अक्षराने लिहिणार आहोत, कारण ऐंशी लक्ष अमेरिकन माणसांचा एका मोठ्या अक्षरावर हक्क आहे असे आपल्याला वाटते. त्या टीपेत व्याकरणाचा एकही शब्द नाही. सामान्य आणि विशेष हा वाद त्यांनी घातलाच नाही.

त्यानंतर एकतीस वर्षे गेली. पत्रे लिहिली गेली, संपादकांच्या भेटी झाल्या, नकार आले. ७ मार्च १९३० रोजी न्यूयॉर्क टाइम्सने जाहीर केले की यापुढे आपण हा शब्द मोठ्या 'एन्'ने छापू. अग्रलेखात संपादकांनी मुद्रकाच्या पेट्यांवर श्लेष केला होता: पिढ्यान्‌पिढ्या खालच्या पेटीत राहिलेल्यांच्या स्वाभिमानाला ही मान्यता आहे, अशा आशयाचे ते शब्द होते. कॅक्स्टनच्या काळातील जुळाऱ्याने सोयीसाठी मांडलेल्या दोन पेट्यांना साडेचारशे वर्षांनी हा अर्थ आला. पुढे १९६० च्या दशकात त्या समाजाने नीग्रो हे नावच टाकले आणि 'ब्लॅक' हे स्वीकारले. त्याबरोबर अक्षर पुन्हा लहान झाले आणि सारा वाद मुळापासून सुरू झाला. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला, त्यानंतर महिन्याभरातच असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने मोठा 'बी' स्वीकारला आणि पाठोपाठ न्यूयॉर्क टाइम्सनेही. गोऱ्यांना मात्र लहान अक्षरच ठेवावे की त्यांनाही मोठे द्यावे, यावर अमेरिकन संपादकांत एकमत झाले नाही. याच समाजातील एक थोर लेखिका, बेल हुक्स, आपले हे टोपणनाव जन्मभर लहान अक्षरांनीच लिहीत राहिल्या. वाचकाचे लक्ष आपल्या नावाकडे न जाता विचारांकडे जावे, अशी त्यांची इच्छा होती. २०२१ मध्ये त्या वारल्या, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांचे नाव तसेच छापले. मोठे अक्षर नाकारण्याची मुभाही तेच मिळविल्यानंतर येते, हे यात दिसते.

डू बॉइस यांना १९४६ मध्ये भारतातून एक पत्र गेले. संयुक्त राष्ट्रांकडे अमेरिकन नीग्रोंच्या वतीने जो अर्ज सादर झाला होता, त्याची प्रत मिळावी अशी विनंती त्यात होती. पत्र लिहिणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते १९१३ ते १९१६ या काळात शिकले होते, आणि मोठ्या अक्षराच्या त्या झगड्याचे ते दिवस होते. जुलै अखेरीस डू बॉइस यांनी उत्तर दिले. बाबासाहेबांच्या इंग्रजी ग्रंथांत 'अस्पृश्य' या अर्थाचा शब्द मोठ्या अक्षराने येतो. ती एक अवस्था नसून एक समाज आहे, असा त्यांच्या राजकारणाचाच गाभा होता; त्यामुळे याला केवळ लेखनाची सवय म्हणणे मला जड जाते.

आपल्या घटनेची इंग्रजी प्रत या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. उद्देशिकेचे आरंभीचे शब्द सर्वच्या सर्व मोठ्या अक्षरांत असल्यामुळे 'लोक' मोठे की लहान हा प्रश्नच तेथे उरत नाही. पण आत शिरल्यावर भेद दिसू लागतो. 'राज्यसंस्था' या अर्थाचा 'स्टेट' सदैव मोठ्या अक्षराने. 'नागरिक' लहान अक्षराने. (सरकारी टिपणांतही 'गव्हर्नमेंट' नेहमी मोठे असते आणि 'पब्लिक' लहान. त्याबद्दल मी अधिक बोलत नाही.) ४६ व्या अनुच्छेदातील एकाच वाक्यात 'दुर्बल घटक' लहान अक्षरांनी आणि 'अनुसूचित जाती' व 'अनुसूचित जमाती' मोठ्या अक्षरांनी आहेत. कारण उघड आहे: पहिले वर्णन आहे, दुसरे राष्ट्रपतींच्या आदेशाने ज्याची यादी ठरते असे नाव आहे. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने १५ व्या अनुच्छेदात चौथा खंड घातला, त्यातही हीच वाटणी दिसते. 'सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागासलेले वर्ग' लहान अक्षरांत, आणि त्यांच्या शेजारी 'अनुसूचित जाती' मोठ्या अक्षरांत. २०१८ च्या १०२ व्या घटनादुरुस्तीने या मागास वर्गांचीही यादी राष्ट्रपतींनी अधिसूचनेने ठरवावी असे केले आणि ३६६ व्या अनुच्छेदात त्यांची स्वतंत्र व्याख्या घातली. महाराष्ट्रात मराठा आरक्षणाच्या खटल्यात याच शब्दांवर सर्वोच्च न्यायालयात दीर्घ वाद झाला, मे २०२१ मध्ये निकाल लागला, आणि त्याच वर्षी १०५ वी दुरुस्ती करून राज्यांचा आपापली यादी करण्याचा अधिकार स्पष्ट करावा लागला. इतके होऊनही इंग्रजी प्रतीत ते शब्द लहान अक्षरांतच आहेत. मराठी प्रतीत अर्थातच दोन्ही सारखे दिसतात.